खाणीचा व्हेंडर कोड: आमचं दीड वर्ष

आमच्या वर्कशॉपमध्ये कन्व्हेयरच्या पट्ट्याखाली फिरणारे रोलर बनतात. त्यांच्या शाफ्टवर, म्हणजे मधल्या दांड्यावर, एका टोकाला तीन ठिपक्यांचा पंच असतो. तक्रार आली तर माल आपला की दुसऱ्याचा हे कळावं, म्हणून दादाने ही खूण सुरू केली. जानेवारी २०२३ मध्ये तो एका ठेकेदाराबरोबर जिल्ह्यातल्याच एका चुनखडीच्या खाणीवर च्यूटच्या वेल्डिंगला गेला होता. तिथे स्टोअरच्या भिंतीला लागून कन्व्हेयरच्या नव्या रोलरची थप्पी लागलेली. सवयीने त्याने वाकून शाफ्ट पाहिला, तर तीन ठिपके. वर स्टिकर मात्र नागपूरच्या ट्रेडरचं.

म्हणजे रोलर चंद्रपूरच्या एमआयडीसीत, आमच्या शेडमध्ये होत होता. तिथून दीडशे किलोमीटर नागपूरला जाऊन स्टिकर लावून घेत होता आणि पुन्हा उलटा येऊन आमच्यापासून पंचेचाळीस किलोमीटरवरच्या खाणीत बसत होता. आम्ही तो ट्रेडरला ८४० रुपयांना द्यायचो. खाण त्याचे किती देत होती ते आम्हाला वर्षभराने कळलं: १,२६०.

रात्री जेवताना दादा एवढंच म्हणाला, "आपलाच माल होता तिथं. अन् आपल्याले आत जाले गेटपाससाठी दोन तास उभं ठेवलं."

मी दादाच्या वर्कशॉपचे कागद सांभाळते. बिलं, जीएसटी, पगार, बँक, सगळं. सात माणसं, दोन लेथ, एक प्रेस, वेल्डिंगचे तीन सेट, असा आमचा पसारा. खाणीला थेट रोलर विकायचं आम्ही ठरवलं, आणि त्या जानेवारीपासून पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत काय काय झालं ते लिहून ठेवते आहे, कारण मला तेव्हा असं कुणी लिहिलेलं सापडलं नव्हतं.

पहिला गोंधळ आधी सांगते, कारण अजूनही फोनवर लोक हेच विचारतात. "ताई, लहान उद्योगांना पंचवीस टक्के राखीव असतात ना?" असतात, पण सरकारी खरेदीत. केंद्राचा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून खरेदीचा आदेश २०१२ चा आहे, तेव्हा प्रमाण वीस टक्के होतं, २०१८ मध्ये ते पंचवीस झालं. त्यात चार टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी आणि तीन टक्के महिलांसाठी. शिवाय निविदेची फी नाही, बयाणा रक्कम नाही, आणि तुमचा दर सर्वात कमी दरापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत वर असला तर तो कमी दर मान्य करून काही माल द्यायची संधी मिळते. हे सरकारी कोळसा खाणींना लागू आहे. आम्ही ज्या खाणीच्या मागे लागलो ती खासगी होती. तिथे यातलं काहीही मागायचा हक्क नव्हता. मी मात्र पहिल्या भेटीत आदेशाची प्रत पिशवीत घालून गेले होते. बाहेर काढली नाही ते बरं झालं.

मार्च २०२३ मध्ये आम्ही दोघं पहिल्यांदा खरेदी विभागात गेलो. गेलो म्हणजे गेटपर्यंत. वहीत नाव लिहिलं, सिक्युरिटीने आत फोन लावला, तासाभराने निरोप आला की व्हेंडर नोंदणी, म्हणजे पुरवठादाराची नोंदणी, ऑनलाइन आहे. एका चिठ्ठीवर पोर्टलचा पत्ता मिळाला. परत निघताना दादाला तिथल्या मेकॅनिकल विभागाचा एक फोरमन भेटला, वेल्डिंगच्या कामामुळे ओळखीचा. टपरीवर चहा घेता घेता त्याने जे सांगितलं ते पोर्टलवर कुठेच नव्हतं. खरेदीवाले आपणहून नवा माणूस शोधत नाहीत. रोलर जो वापरतो त्या विभागाने लिहून द्यावं लागतं की आम्हाला आणखी एक पुरवठादार हवा आहे. म्हणून आधी वापर विभागाकडे जा, मग खरेदीकडे. त्याच्या साहेबांनी तसं पत्र द्यायला पाच आठवडे लावले, पण दिलं.

एप्रिल-मे कागद जमवण्यात गेले. तीन वर्षांचे ताळेबंद, उलाढालीचं सीएचं प्रमाणपत्र (यूडीआयएन नंबर टाकलेलं, नसेल तर परत येतं), रद्द केलेला चेक, पॅन, जीएसटी, प्रदूषण मंडळाची संमती. लहान उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी आमची होती, पण त्यात व्यवसाय 'घाऊक व्यापार' असा पडला होता. नोंदणी एका एजंटाने करून दिली होती, त्याने कुठला तरी कोड टाकून दिला आणि आम्ही तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावला. उत्पादक म्हणून अर्ज करायचा आणि प्रमाणपत्रावर व्यापारी, असं चालत नाही. दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच एजंटाला पंधराशे दिले. नंतर कळलं की उद्यमची नोंदणी काय, दुरुस्ती काय, दोन्ही फुकट आहेत आणि आधारच्या ओटीपीवर घरबसल्या होतात. ते पंधराशे मला अजून टोचतात.

पोर्टलवर एक रकाना होता, 'स्थानिक पुरवठादार: होय/नाही'. आम्ही अर्थातच होय केलं. पण स्थानिक म्हणजे काय, हे पाहायला मी खाली दिलेली टीप उघडली. जीएसटीत नोंदवलेली एखादी जागा जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात असेल तर तो स्थानिक. एखादी जागा! म्हणजे मुंबईच्या कंपनीने चंद्रपुरात दहा बाय दहाची खोली भाड्याने घेऊन जीएसटीत अतिरिक्त जागा म्हणून दाखवली की तीही स्थानिक. माल कुठे तयार होतो, पगार कुठे वाटला जातो, याचा त्या रकान्याशी संबंध नाही. आमचा ट्रेडर याच व्याख्येने स्थानिक होता, त्याचं एक गोडाऊन घुग्घुस रोडला आहे.

कंपन्या हे विचारतातच कशाला, तर शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून जबाबदारीचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला आहे, बीआरएसआर म्हणतात त्याला. त्याच्या २०२१ च्या नमुन्यात एक प्रश्न होता: तुमच्या खरेदीपैकी किती टक्के लहान उद्योगांकडून आणि किती टक्के जिल्ह्यातून व शेजारच्या जिल्ह्यांतून? खरेदी विभागातल्या साहेबांनीच हे पुढे एकदा समजावून सांगितलं. "तुमचा माल घेतला की माझे दोन रकाने एकदम भरतात," असं ते हसत म्हणाले. मला ते आवडलं. निदान कारण तरी खरं सांगितलं.

मे महिन्यातच सीएंनी सल्ला दिला, फर्म ताईंच्या नावावर करून टाका, 'महिला मालकी'चे वेगळे गुण मिळतात. दादा तयार होता. मी नको म्हटलं. एक तर मालक दादाच आहे, लेथ त्याची, कर्ज त्याचं. आणि व्यवहाराचं कारण असं की एकल मालकीत नाव बदललं की पॅन बदलतं, जीएसटी नवं, उद्यम नवं, आणि तीन वर्षांची उलाढाल शून्यावर येते. बहीण किंवा बायको खरोखर धंदा बघत असेल आणि नाव बदलायचंच असेल, तर ते नोंदणीच्या आधी तीन वर्षं करा. नोंदणीच्या आधी तीन आठवडे नाही.

१२ जूनला खाणीच्या कंपनीकडून मेलवर नोंदणीची प्रश्नावली आली. चौऱ्याण्णव प्रश्न, सगळे इंग्रजीत, उत्तराला पंधरा दिवस. मला वाटलं होतं मशीन किती, क्षमता किती, असं विचारतील. तसे प्रश्न वीसच होते. बाकीचे वेगळेच. कामगारांचं वय कसं तपासता? किमान वेतन देता का, पुरावा जोडा. शौचालय किती? पोलाद कुठून घेता? तुम्ही ज्यांना काम बाहेर देता त्यांच्याकडे हेच सगळं आहे का? एका प्रश्नावर मी अडकलेच: 'कामगारांची मूळ कागदपत्रं स्वतःकडे ठेवता का?'

मी नाही असं लिहिलं. मग ड्रॉवर उघडला तर आमच्या छत्तीसगडच्या वेल्डरचं आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट त्यात. त्याने पंचवीस हजार उचल घेतली होती, तेव्हा त्यानेच आणून दिलं होतं, "रख लो दीदी, रूम पे खो जाएगा" म्हणत. मी जपून ठेवलं होतं, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पण त्याला गावी जायचं असतं आणि उचल फिटलेली नसती, तर मी ते सहज दिलं असतं का? याचं उत्तर मला पटकन देता येईना. दुसऱ्या दिवशी ते त्याला परत दिलं. त्याने विचारलं, "काम से निकाल रहे हो क्या?"

किमान वेतनातही आम्ही चुकलो होतो. महाराष्ट्रात मूळ वेतन तेच राहतं, पण विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. आम्ही दोन हेल्परांना जुन्याच भत्त्याने पगार देत होतो, मागच्या दोन बदलांची नोंदच घेतली नव्हती. फरक महिन्याला काहीशेच्या घरातला, पण दोघांचा मागचा हिशोब ११,३०० निघाला. तो दिला. तुम्ही पगार करत असाल तर कामगार विभागाचं पत्रक वर्षातून दोनदा काढून पाहायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि मग बाहेर दिलेलं काम. इथे जरा सविस्तर लिहिते.

आम्ही रोलर रंगवत नाही. २००९ च्या देशभरच्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर चौथं होतं, त्यामुळे इथे संमतीचे कागद हलक्यात घेऊन चालत नाही. फक्त कापणं, जोडणं, टर्निंग असं कोरडं काम असेल तर वर्ग सौम्य लागतो, स्प्रे पेंटिंग आलं की तो बदलतो. म्हणून आमचं रंगकाम पहिल्यापासून बाहेर, एका काकांच्या शेडमध्ये. शंभर रोलर टेम्पोने जायचे, दोन दिवसांनी रंगून यायचे. त्या शेडमध्ये मी दहा वर्षांत दोनदा गेले असेन, तेही दिवाळीची मिठाई द्यायला. प्रश्नावलीतल्या 'जॉबवर्क'च्या पानासाठी जूनच्या मध्याला तिसऱ्यांदा गेले.

बाहेर ४४ अंश असावेत, आत पत्र्याखाली त्याहून जास्त. थिनरच्या वासाने डोळ्यांत पाणी. एक मुलगा लोखंडी घोडीवर रोलर हाताने फिरवत होता आणि काका स्प्रे मारत होते. मुलाने नाकाला ओला रुमाल बांधला होता, आणि त्याच्या भुवया हिरव्या झाल्या होत्या. आमच्याच रोलरचा हिरवा. मी नाव विचारलं, मग वर्ग विचारला. "दहावी झाली आता. निकालात दोन विषय राहिले."

काका म्हणाले, "सुट्टीचा येते तो, मोकळा काहून बसंल? घरी बाप नाही त्याले." सगळं खरं होतं. मुलगा सोळाचा. चौदाच्या आतल्या मुलांना कामावर ठेवायला कायद्याने पूर्ण बंदी आहे आणि चौदा ते अठरा वयाच्यांना धोक्याच्या कामांवर, पण कंपनीच्या प्रश्नावलीत सरळ अठराची रेघ होती. रंगाच्या वाफेत उभं राहणं धोक्याचं नाही म्हणायला माझी जीभ रेटली नसती, कायदा काहीही म्हणो.

मी दादाला सांगितलं तेव्हा तो चिडला, माझ्यावर. "आता काकाले तोडायचं का? पंधरा वर्षं उधारीवर रंगवून दिलं त्यानं." त्याचं चुकलं नव्हतं. काम काढून घेणं सगळ्यात सोपं, एका दिवसात फॉर्म स्वच्छ. पण मग मुलाचे दिवसाचे तीनशे गेले आणि काकांचा निम्मा धंदा गेला, आणि मुलगा उद्या दुसऱ्या शेडमध्ये हेच करणार. दहा दिवस आमच्यात याच्यावरून धुसफूस चालली. शेवटी असं ठरलं की मुलगा आमच्याकडे नाही, काकांकडेही नाही. काकांना रोलरमागे चार रुपये वाढवून दिले, त्यात त्यांनी एक मोठा माणूस ठेवायचा. मुलाच्या पुरवणी परीक्षेची फी आणि शिकवणी दादाने भरली. यात आमचा मोठेपणा काही नाही. वर्षानुवर्षं रोलरमागे चार रुपये कमी देत होतो, तेच परत गेले. काकांचे स्वतःचे संमतीचे कागद व्हायला आणखी चार महिने लागले. फॉर्मवर मी 'प्रक्रियेत' लिहिलं आणि पावती जोडली. 'होय' लिहायचा मोह झाला होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये तपासणी झाली. कंपनीने नेमलेली पुण्याची एक तरुण ऑडिटर आली, एकटी, सकाळी साडेनऊला. मी पाच फायली मांडून ठेवल्या होत्या, तिने त्या दुपारपर्यंत उघडल्याच नाहीत. आधी आगीच्या सिलिंडरवरची तारीख पाहिली (संपलेली), मग शौचालयाचं दार (कडी नाही), मग प्रथमोपचाराची पेटी (आत सर्किट-ब्रेकरचे सुटे भाग). मग एकेका माणसाशी बाजूला जाऊन बोलली. काय विचारलं ते आम्हाला सांगितलं नाही. वेल्डर मात्र संध्याकाळी मला म्हणाला, "मैंने बोला, सर्टिफिकेट मेरे पास है." सात त्रुटी निघाल्या, तीस दिवसांची मुदत मिळाली. दहापेक्षा कमी माणसं असल्याने ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आम्हाला लागू नव्हतं, त्याऐवजी सातही जणांचा कामगार नुकसानभरपाईचा विमा काढला, वर्षाचे ९,४०० रुपये. शौचालय नीट बांधून घेतलं, १४,५००. मोजमापाची साधनं कॅलिब्रेट केली, ३,८००. तपासणीची तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगेन की फायली नंतर, आधी सिलिंडर आणि कडी.

९ नोव्हेंबरला मेल आला, त्यात सात आकडी व्हेंडर कोड. आम्ही पेढे आणले. चुकलंच. कोड मिळाला म्हणजे ऑर्डर मिळाली असं नसतं, त्याचा अर्थ एवढाच की यापुढे चौकशी आली तर तुम्हाला उत्तर देता येईल. त्यानंतर नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, एक ओळ नाही. या काळात ट्रेडरला कुठून तरी कळलं आणि त्याने आमच्या ऑर्डर निम्म्या केल्या. जानेवारीच्या पगाराला मी माझी एफडी मोडली. हा काळ धरून चला. आम्ही धरला नव्हता. जुनं गिऱ्हाईक नाराज आणि नवं अजून सुरू नाही, असे तीन-चार महिने निघतील एवढे पैसे बाजूला नसतील तर घाई करू नका.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिली चौकशी आली, तीही शुक्रवारी संध्याकाळी, दर द्यायला सोमवार दुपारपर्यंतची वेळ. ११४.३ मिमी पाइप, ३८० लांबी, हजार मिमी बेल्टच्या कन्व्हेयरला तीन-तीनच्या संचात बसणारे. आम्ही १,०६० भरले. जुना दर १,२६० होता हे तेव्हा बोलण्यात कळलं. चाळीस नगांची चाचणी ऑर्डर मिळाली. ४२,४०० रुपये अधिक जीएसटी.

हिशोब सांगते. नोंदणीपासून तोवर आमचे पंचेचाळीस हजार खर्च झाले होते, पगाराचा मागचा फरक वेगळा. म्हणजे पहिली अख्खी ऑर्डर खर्चाच्या आतच होती.

आणि त्या चाळीसातले नऊ पडले.

खाणीचा इन्स्पेक्टर मार्चमध्ये आमच्या शेडवर आला. आजवर रोलर पास करायची दादाची पद्धत म्हणजे शाफ्ट दोन्ही हातांत धरायचा, अंगठ्याने नळी फिरवायची आणि कान जवळ न्यायचा. बेअरिंग बोलतं, असं तो म्हणतो. खडखड असेल, ग्रीस कमी असेल, सील घासत असेल, सगळं त्याला ऐकू येतं. इन्स्पेक्टरने ऐकलं नाही. त्याने शाफ्टची टोकं व्ही-ब्लॉकवर ठेवली, नळीला डायल गेजची टोकदार पिन लावली आणि रोलर हळूहळू फिरवला. काटा डावीकडे गेला, उजवीकडे आला. ड्रॉइंगवर काटा हलायची मर्यादा ०.८ मिमी. पहिल्या रोलरचा काटा अर्ध्या मिमीत थांबला. सहाव्याचा १.१ वर गेला. दादा काही न बोलता काट्याकडे बघत उभा होता. शेवटी नऊ रोलर बाजूला निघाले.

नऊही रोलर एकाच लॉटच्या पाइपचे निघाले. तो पाइप आम्ही नागपूरच्या एका दुकानातून किलोमागे तीन रुपये स्वस्त घेतला होता, मिलच्या चाचणी प्रमाणपत्राशिवाय. आयडलरच्या, म्हणजे अशा रोलरच्या, पाइपला आयएस ९२९५ हे वेगळं मानक आहे, साधा पाइप त्याच मापाचा दिसला तरी गोलाईत मार खातो. आणि गंमत अशी की 'पोलाद कुठून घेता' या प्रश्नाला मी जूनमध्ये झोकात उत्तर लिहिलं होतं, 'नामांकित मिलचं'. तोवर लिहिलेलं खरंही होतं. लॉट त्यानंतर आला होता. आता प्रत्येक लॉटचा हीट नंबर (मिलमधल्या ओतीचा क्रमांक) मी वहीत लिहिते आणि तोच खडूने पाइपवर. एका लॉटचा तुकडा नागपूरच्या एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत तपासून घेतला, ६,२००. दादा अजूनही कान लावतोच, पण गेजच्या नंतर.

नऊ नवे करून चाळीस नग एप्रिलमध्ये तयार झाले. १९ एप्रिलला चंद्रपूरचं लोकसभेचं मतदान होतं, त्याआधीचे दोन दिवस गाड्या निवडणुकीच्या कामाला आणि स्टोअर अर्धं रिकामं. २२ तारखेला छोटा हत्ती भरून मी स्वतः गेले. गेट, मग वजनकाटा, मग स्टोअरबाहेर रांग. ड्रायव्हरला बूट नव्हते म्हणून त्याला आत सोडेनात. मी गाडीत बसून राहिले, तो गेटवरच्या टपरीवरून कुणाचे तरी बूट मागून आला, दोन नंबर मोठे. माल घेऊन जाणाऱ्यांनी हेल्मेट, बूट, चलनाच्या चार प्रती आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा. माल उतरला दुपारी चारला. मालपावती निघाली त्यानंतर सहा दिवसांनी.

पेमेंटबद्दल. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याने करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराच्या तेव्हाच्या ४३ब(ह) कलमाने, वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येत नव्हती, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवता येत होती. मला वाटलं आता काय, पंचेचाळिसाव्या दिवशी पैसे खात्यात. एकसष्टाव्या दिवशी आले. कारण साधं आहे. त्या कलमाची धास्ती मार्चमध्ये असते. एप्रिलचं बिल जूनमध्ये दिलं काय नि ऑगस्टमध्ये दिलं काय, वर्षाच्या आत दिलं की त्यांचं काही बिघडत नाही. व्याज मी मागितलं नाही. पहिल्याच बिलाला सरकारच्या 'समाधान' पोर्टलवर तक्रार करायचं धाडस माझ्यात नव्हतं. फक्त बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापायला लागले आणि चाळिसाव्या दिवशी आठवणीचा मेल टाकायला. पुढची बिलं पन्नाशीच्या आत आली आहेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये वर्षभराचा दर करार झाला, महिन्याला साठ ते ऐंशी नग. ट्रेडर तुटला नाही, उलट दिवाळीच्या आधी त्याचाच फोन आला, "ताई, दुसऱ्या एका खाणीची अर्जंट आहे, शंभर द्याल का?" दिले. पण ८४० ला नाही. पेंटरकाकांच्या शेडमधला तो मुलगा पुरवणीत सुटला आणि आयटीआयला फिटर ट्रेडला लागला. तो अठराचा झाला की बघू, असं दादा म्हणतो. मुलगा मात्र म्हणतो त्याला नागपूरला जायचंय.

या वर्षी नोंदणीच्या नूतनीकरणाचा फॉर्म आला. आता एकशे दहा प्रश्न आहेत. मी सरळ 'स्थानिक' रकाना शोधायला गेले, तर तो नव्हता. त्याच्या जागी 'माल भारतातून: होय/नाही'. खरेदीच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, सेबीने २०२३ मध्येच अहवालाचा नमुना बदलला, जिल्हा आणि शेजारचे जिल्हे काढून 'भारतातून' केलं, आमचा फॉर्म आत्ता बदलला. "मग आमचं काय?" मी विचारलं. म्हणाले, "तुमचा दर बघू."

मी कोटेशनच्या तळाशी, जीएसटीच्या ओळीखाली, एक ओळ वाढवली आहे: 'शेड ते खाण अंतर ४५ किमी. बिघाड कळवल्यास त्याच दिवशी माणूस हजर.' ती छापील अक्षरांत आहे. बाजूला दादाने पेनाने तीन ठिपके काढलेत.